टेस्टोस्टेरॉन २४१ आलंय, इंजेक्शन चालू करावं का? (वय ४७, लातूर)

खडू_फळा | ४ जानेवारी, रात्री १०:५२
नमस्कार मंडळी. धागा काढू का नको यात आठ दिवस गेले. इथं खरं नाव कुणाला माहीत नाही म्हणून धाडस करूलालो.

लातूरजवळच्या गावात शिक्षक आहे. वजन ९१, उंची साडेपाच फूट. गेली दीड-दोन वर्षं अंगात काही राहिलंच नाही असं वाटतंय. दुपारच्या सुट्टीनंतरच्या तासाला खुर्चीत टेकलो की डोळे मिटतात. पोरं एकमेकाला "हळू बोल बे, गुरुजी झोपलेत" म्हणतात, ते मला ऐकू येतं. येळवशीला (वेळ अमावस्येला) आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन बांधावरून निघालो. दरवर्षी मीच घेतो. यंदा अर्ध्या वाटेत धाकट्या भावाकडं द्यावं लागलं. घरातल्या दुसऱ्या बाजूचं विचाराल तर दोन-दोन महिने आठवण येत नाही, आणि आठवण आली तर शरीर साथ देत नाही.

गावात तपासणी शिबीर लागलं होतं. सगळ्या तपासण्या एकाच पॅकेजमध्ये. त्यात टेस्टोस्टेरॉन २४१ आलं, पुढं लाल बाण. खाली छापलंय ३०० ते १०००. शहरातल्या एका क्लिनिकात दाखवलं. तिथं पाच मिनिटांत सांगितलं, २५० चं इंजेक्शन दर १५ दिवसांनी, आधी सहा घ्या मग बघू.

प्रश्न दोन. घ्यावं का? आणि एकदा सुरू केलं की जन्मभराचं होतं का?

हुरडा_पार्टी | ४ जानेवारी, रात्री ११:०५
दुपारच्या तासाला झोप येणं हा आजार असेल तर आमच्या शाळेचा अख्खा स्टाफ १९८८ पासून आजारी होता.

(चेष्टा केली, राग मानू नका गुरुजी. धागा चांगला आहे. मीही ४९ चा आहे, वाचतोय.)

नळी_सुई | ५ जानेवारी, सकाळी ७:१०
अंबाजोगाईत लॅबमध्ये काम करतो, १७ वर्षं झाली. रक्त किती वाजता दिलं होतं? उपाशी होता का?

खडू_फळा | ५ जानेवारी, सकाळी ७:४८
दीड वाजला होता. सकाळी एकदा उपाशी दिलं ते शुगरचं. मग पोहे-जिलबी होती, ती खाऊन पुन्हा रांगेत. ही नळी दुसऱ्या वेळची.

नळी_सुई | ५ जानेवारी, सकाळी ८:३०
मग तो कागद घडी घालून ठेवा. त्यावर इंजेक्शन ठरत नाही.

हा हार्मोन पहाटे-सकाळी वर असतो आणि दिवसभरात उतरत जातो. म्हणून रक्त सकाळी सात ते दहाच्या आत आणि उपाशी पोटी द्यायचं. साखर पोटात गेली की आकडा तात्पुरता आणखी खाली येतो, आणि तुम्ही तर जिलबी खाऊन आलात. एकदा कमी आला तर काही दिवसांनी तसाच सकाळी दुसऱ्यांदा बघायचा. दोन्ही वेळा कमी आला तरच पुढची गोष्ट. ताप, इन्फेक्शन, मोठं आजारपण असताना तर करूच नये, तेव्हा तो पडतोच. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही लॅबला सांगा, त्यानं काही मशिनींवर आकडे चुकतात.

दुसरं, कागदावरचं टोटल टेस्टोस्टेरॉन म्हणजे सगळं वापरात असलेलं नव्हे. बराचसा भाग एसएचबीजी नावाच्या प्रथिनाला घट्ट चिकटलेला असतो, बाकीचा बराचसा अल्ब्युमिनला सैल. अगदी मोकळा दोन-तीन टक्केच. पोट सुटलेल्या, शुगर असलेल्या माणसात एसएचबीजीच कमी असतं, त्यामुळं टोटल कमी दिसतं पण मोकळा माल ठीक असू शकतो.

सोयाबीन_सुट्टा | ५ जानेवारी, सकाळी ९:१५
म्हणजे वखारीत तारण ठेवलेलं सोयाबीन आणि खिशातली रोकड. सातबारावर माणूस लखपती, पण चहा पाजायला पैसे नाहीत. गुरुजींचं उलटं असेल, वखार रिकामी पण खिसा बरा.

नळी_सुई | ५ जानेवारी, सकाळी ९:२२
@सोयाबीन_सुट्टा आमच्या लॅबमध्ये या. पेशंटला समजवायला माणूस पाहिजेच होता.

नांदेडकर_जुना | ५ जानेवारी, दुपारी १:४०
थोडं उलट बोलतो. असे धागे निघाले की सगळे जण इंजेक्शनचं भूत उभं करतात. मी सहा वर्षं घेतोय आणि त्यामुळं माणसात आलोय.

१६ व्या वर्षी मला गालफुगी झाली आणि ती खाली अंडकोषांत उतरली. दोन्ही बाजूंना भोपळ्यासारखी सूज, दहा दिवस पाय फाकवून झोपलो होतो. आजीनं हळदीचा लेप लावला. पुढं लग्न झालं, मूल झालं नाही, दत्तक घेतलं. दाढी चार दिवसांनी केली तरी चालायची. चाळिशीत मणक्याला बारीक फ्रॅक्चर निघालं, तेव्हा हैदराबादच्या हार्मोनवाल्या डॉक्टरनं कारण शोधलं. टेस्टोस्टेरॉन १३० च्या आसपास आणि एलएच खूप वर. म्हणजे मेंदूतली ग्रंथी ओरडून ओरडून हुकूम देतीय, पण कारखानाच बंद.

मला १००० मिलिग्रॅमचं लागतं, साधारण १२ आठवड्यांनी एक. कमरेखाली सावकाश देतात, नंतर अर्धा तास बसवून ठेवतात, कारण एखाद्याला लगेच खोकल्याची ढास लागते. औषध एरंडेल तेलात विरघळवलेलं असतं.

हुरडा_पार्टी | ५ जानेवारी, दुपारी १:५२
एरंडेल! आमच्या आजीला कळलं असतं तर तिनं दर रविवारी आम्हाला मर्द बनवलंय म्हणून सांगितलं असतं.

नांदेडकर_जुना | ५ जानेवारी, दुपारी २:००
ते पोटातून. हे पार्श्वभागातून. धाव दोन्हींत घ्यावी लागते, दिशा वेगळी.

मुद्दा असा की ज्याला खरंच गरज आहे त्यानं लाजून बसू नये. रक्त मात्र दर सहा महिन्यांनी तपासतो. हिमॅटोक्रिट म्हणजे रक्ताचा दाटपणा, तो ५४ च्या वर गेला तर डोस थांबवतात. माझा एकदा ५३ झाला होता, तेव्हा अंतर वाढवलं. प्रोस्टेटचं पीएसएसुद्धा बघतात.

एमआयडीसी_सेकंड_शिफ्ट | ६ जानेवारी, रात्री १२:२०
वाळूजहून लिहितोय, आत्ताच घरी आलो. गुरुजींना लेकरं झालेली असतील, पण वाचणाऱ्या तरुण पोरांसाठी लिहितो.

माझा मेव्हणा, वय ३४. जिममध्ये कुणीतरी दंड फुगायचे म्हणून इंजेक्शनं चालू करून दिली. दंड फुगले. लग्नाला दोन वर्षं झाली तरी मूल नाही म्हणून दोन्ही घरचे लोक माझ्या बहिणीलाच बोलायचे. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या, तिला नवस झाले, उपास झाले. याची तपासणी करायला कुणी तयारच नाही, "एवढा धडधाकट आहे" म्हणून. शेवटी केली तर शुक्राणू शून्य. कमी नाही, शून्य.

डॉक्टर म्हणाले, बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूतली ग्रंथी हुकूम द्यायचं बंद करते आणि आतलं काम थांबतं. १९९० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेनं हीच इंजेक्शनं दर आठवड्याला देऊन पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून चाचण्या केल्या होत्या. म्हणजे पोरगं व्हावं म्हणून नवस आणि होऊ नये म्हणून इंजेक्शन, दोन्ही एकाच घरात.

बंद केलं, दुसरी इंजेक्शनं दिली, अकरा महिन्यांनी आकडा परत आला. आता मुलगी सव्वा वर्षाची आहे. पण सगळ्यांचं परत येतंच असं नाही, असंही डॉक्टरनी सांगितलं होतं. बहिणीला जे बोलले त्यांनी अजून माफी मागितलेली नाही, ते असो.

गोदाकाठची | ६ जानेवारी, सकाळी ११:३०
@एमआयडीसी दादा, शेवटची ओळ वाचून थांबले.

गुरुजी, एक विचारते. वहिनींना हे सगळं सांगितलंय का? की इथं आम्हाला सांगताय आणि घरात "काम जास्त आहे" म्हणताय? आमच्या घरी तीन वर्षं तेच चाललं होतं. हे चिडचिड करायचे, पाठ करून झोपायचे. मला वाटलं माझ्यातच काही राहिलं नाही. माझी त्याच वेळी पाळी जायला आलेली. रात्री घामानं उशी भिजायची. त्यावर कुणी "हार्मोनचं बघू या" म्हणालं नाही. बाईचं चाललं तर "वय झालं", पुरुषाचं चाललं तर पॅकेज, क्लिनिक आणि इंजेक्शन.

आणि घोरता का?

खडू_फळा | ६ जानेवारी, दुपारी ४:१०
ताई, सांगितलं नव्हतं. काल रात्री धागाच वाचायला दिला. ती म्हणाली, "घोरण्याचं पण लिहा की." घोरतो. मध्येच आवाज बंद होतो, मग एकदम गुदमरल्यासारखा उठतो. तिनं कधीतरी हलवून बघितलंय, जिवंत आहे का म्हणून.

स्टेथो_परभणी | ६ जानेवारी, रात्री ९:४५
एमडी मेडिसिन, हार्मोनतज्ज्ञ नव्हे. इथं कुणाचा इलाज करत नाही, पण घोरण्याची गोष्ट वाचून राहवलं नाही.

झोपेत श्वास अडकतो त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. टेस्टोस्टेरॉनचा मोठा भाग झोपेतच तयार होतो. २०११ च्या एका अभ्यासात दहा तरुण, निरोगी मुलांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तेवढ्यात त्यांची दिवसाची पातळी १० ते १५ टक्के उतरली. इथं तर रात्रभर गळा दाबला जातोय. आणि उलट बाजूही आहे, ॲप्नियावर इलाज न करता इंजेक्शन दिलं तर ॲप्निया वाढू शकतो.

पोटाचा घेर दुसरं कारण. चरबीतलं एक एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करत राहतं. वजन चांगलं उतरलं की आकडा आपोआप वर येतो, औषधाशिवाय. मधुमेह, रोजची दारू, थायरॉइड, दुखण्यासाठी वर्षानुवर्षं चाललेल्या ट्रामाडॉलसारख्या गोळ्या, हेही बघायचं असतं. शिवाय दमणूक ही रक्त कमी असल्यानं होते, बी१२ कमी असल्यानं होते, आणि उदासीनतेनं तर फारच होते. त्याला आपल्याकडं कुणी आजार म्हणत नाही.

दोन्ही सकाळचे आकडे कमी आले तर एलएच आणि प्रोलॅक्टिन (मेंदूखालच्या ग्रंथीचे दोन हार्मोन) बघायचंच. माझ्याकडं ५१ वर्षांचे एक जण "ताकदीचं इंजेक्शन" मागायला आले होते. डोकं दुखतं हे सहज बोलून गेले. प्रोलॅक्टिन प्रचंड वाढलेलं, एमआरआयमध्ये मेंदूखालच्या ग्रंथीत गाठ. आठवड्याला दोन गोळ्यांवर गाठ लहान झाली, टेस्टोस्टेरॉनही वर आलं. इंजेक्शन दिलं असतं तर आकडा सुधारला असता आणि गाठ तिथंच वाढत राहिली असती.

चाळिशीनंतर वर्षाला साधारण एक टक्का पातळी उतरते. ती उतरण आहे, बाईच्या पाळीसारखा बंद होणारा नळ नाही. म्हणून "पुरुषांची रजोनिवृत्ती" हा शब्द मला आवडत नाही.

तिखट_शेंगदाणा | ६ जानेवारी, रात्री १०:१५
डॉक्टरसाहेब, इथं तुम्ही एवढं मोठं लिहिलंत. ओपीडीत घोरता का म्हणून कोण विचारतं? मला आजवर एकानं विचारलं नाही. माणूस पाच मिनिटांच्या क्लिनिकात जातो त्याला हेच कारण आहे.

स्टेथो_परभणी | ६ जानेवारी, रात्री १०:४०
मान्य. सकाळी १२० पेशंट असतात. सबब सांगत नाही, आकडा सांगतोय.

गुरांचा_डॉक्टर | ७ जानेवारी, सकाळी ६:५०
पशुवैद्यक आहे, उदगीरकडचा. माणसांच्या धाग्यात शिरतोय, पण या हार्मोनचं काम आमच्याइतकं उघड्यावर कुणी बघत नाही.

देवणी असो की लाल कंधारी, गोऱ्हा चिमटा लावून खच्ची केला की वर्षभरात फरक दिसतो. वशिंड बेताचं राहतं, मान बारीक राहते, डोळ्यातला उतमात जातो. पूर्वी दगडानं बडवायचे, ते बघवत नसे. आता गंमत बघा. दिवसभर नांगर कोण ओढतो? बडवलेला बैल. वळू नुसती माती उकरतो आणि दुसऱ्याच्या शेतात शिरतो. आपण बैलाचा पोळा करतो, वळूचा करत नाही.

तेव्हा "ताकद गेली" याचा अर्थ दर वेळी तोच हार्मोन गेला असा नसतो. आणि हा शोध आजचा नाही. १८८९ साली ब्राऊन-सेकार नावाच्या ७२ वर्षांच्या शास्त्रज्ञानं कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या अंडकोषांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तरुण झालो म्हणून जाहीर केलं. त्या अर्कात हार्मोन जवळजवळ नव्हताच. शुद्ध टेस्टोस्टेरॉन हाती लागलं १९३५ ला.

हुरडा_पार्टी | ७ जानेवारी, सकाळी ७:०५
पोळ्याला बायको पुरणपोळी देताना माझ्याकडं अशी का बघते ते आज कळलं.

सोयाबीन_सुट्टा | ७ जानेवारी, सकाळी ८:००
इंजेक्शनपेक्षा अश्वगंधा आणि शिलाजीत काय वाईट? आमच्या बसस्टँडमागं एक जण देतो. घेतल्यावर दोन तासांत फरक. स्वतः बघितलाय.

नळी_सुई | ७ जानेवारी, सकाळी ८:२५
दोन तासांत? मुळी-पाला दोन तासांत काम करत नाही. अशा पुड्यांमध्ये सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरतेची ॲलोपॅथी गोळी, कुटून घातलेलं सापडलंय, कधी स्टिरॉइड. रेल्वेच्या भिंतींवर चुन्यानं "मर्दानी ताकद" लिहिलेलं असतं, त्यातलं बरंच असंच. अश्वगंधानं थोडा आकडा वाढल्याचे लहान अभ्यास आहेत, पण लिव्हर सुजल्याच्या केसेसही नोंदल्या गेल्यात. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे, धोतराही नैसर्गिकच आहे.

बार्शी_रोड | ७ जानेवारी, दुपारी ३:३०
@सोयाबीन_सुट्टा भाऊ, ती पुडी आधी बंद करा. बीपी-हृदयाची काही गोळी चालू आहे का? जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी आणि सिल्डेनाफिल एकत्र झालं तर बीपी असं पडतं की माणूस उठत नाही.

माझं सांगतो. ४९ व्या वर्षी ताठरता कमी झाली. लाजेनं गप्प बसलो, अशाच पुड्या खाल्ल्या. ५२ व्या वर्षी पहाटे छातीत कळ, दोन स्टेंट. हृदयाच्या डॉक्टरनं नंतर विचारलं, त्या बाजूला आधी काही जाणवलं होतं का? म्हणाले, तिथली रक्तवाहिनी एक-दोन मिलिमीटरची, हृदयाची तीन-चारची. कचरा साठायला लागला की बारीक पाइप आधी तुंबतो. ठिबक वापरणाऱ्याला वेगळं सांगायला नको. तीन वर्षं आधी शरीरानं निरोप पाठवला होता, मी त्याला शिलाजीत पाजत बसलो.

गुरुजी, इंजेक्शन राहू द्या, आधी ईसीजी, कोलेस्टेरॉल, शुगर.

नांदेडकर_जुना | ७ जानेवारी, सायंकाळी ६:१०
हृदयाचा विषय निघाला म्हणून. टेस्टोस्टेरॉननं अटॅक येतो असं पूर्वी फार सांगायचे. २०२३ मध्ये सुमारे ५,२०० पुरुषांवरचा मोठा अभ्यास आला, सगळे ४५ ते ८० वयाचे, हृदयरोग असलेले किंवा धोका जास्त असलेले. टेस्टोस्टेरॉनचं जेल लावणाऱ्यांत अटॅक-स्ट्रोक औषध नसलेलं नुसतं जेल लावणाऱ्यांपेक्षा जास्त आले नाहीत. तेव्हा तेवढी भीती घालू नका.

स्टेथो_परभणी | ७ जानेवारी, रात्री ९:२०
बरोबर, पण त्याच अभ्यासात हृदयाचे ठोके अनियमित होणं, फुप्फुसात गुठळी आणि किडनीला इजा हे जेलवाल्यांत जास्त दिसलं. आणि ते लोक दोनदा तपासून खरोखर कमी निघालेले होते, डॉक्टरच्या नजरेखाली होते. जिलबी खाऊन २४१ वाले नव्हते. फायद्याचं म्हणाल तर ६५ च्या वरच्यांवरचे अभ्यास २०१६ ला आले. इच्छा थोडी वाढली, पण "दमणूक गेली" असं ठळक काही दिसलं नाही. गुरुजींची मुख्य तक्रार तर दमणुकीची आहे.

नांदेडकर_जुना | ७ जानेवारी, रात्री ९:३५
अभ्यासात दिसलं नाही. मला दिसलं. दोन्ही खरं असू शकतं.

खडू_फळा | ८ जानेवारी, रात्री ११:१५
मंडळी, एक गोष्ट लपवली होती. धागा काढायच्या आधीच्या आठवड्यात एक इंजेक्शन घेऊन झालंय. उरलेल्या पाचचे पैसेही भरलेत, कुप्या घरी आहेत.

आणि खोटं बोलणार नाही. पाच-सहा दिवस भारी वाटलं. शाळेत दोन जिने एका दमात चढलो. म्हणून तर प्रश्न पडला. वाईट वाटलं असतं तर सोडलंच असतं.

गोदाकाठची | ८ जानेवारी, रात्री ११:२२
आता आलं खरं बाहेर.

नळी_सुई | ९ जानेवारी, सकाळी ७:००
मग लगेच तपासू नका. ते औषध तीन-चार आठवडे रक्तात राहतं आणि तुमचं स्वतःचं काम तेवढं दबलेलं असतं. दुसरा डोस घेतला नाही तर सहा-आठ आठवड्यांनी खरा आकडा मिळेल. मधल्या काळात उतरताना मरगळ वाटेल. ती वाटली म्हणून पुन्हा टोचून घेऊ नका. बरेच जण तिथंच अडकतात.

(मधली सोयाबीनच्या भावावरची २३ प्रतिसादांची चर्चा शेतीच्या धाग्यात हलवली आहे. – राखणदार)

खडू_फळा | २३ मार्च, रात्री ९:०५
दहावीच्या परीक्षेची ड्युटी संपली, आता लिहितो.

दुसरं घेतलं नाही. फेब्रुवारीचे पंधरा दिवस बेकार गेले, नळी_सुई म्हणाले तसंच. मार्चमध्ये दोनदा सकाळी आठला उपाशी रक्त दिलं. एकदा ३२२, एकदा २९६. एलएच, प्रोलॅक्टिन ठीक. एसएचबीजी कमी, मोकळा माल खालच्या कडेला पण हद्दीत. मात्र एचबीएवनसी ७.४. शुगर आहे हे मला माहीतच नव्हतं. शिबिराच्या कागदावर तोही आकडा लाल होता, मी फक्त टेस्टोस्टेरॉनचा बाण बघितला.

झोपेची तपासणी घरीच झाली, रात्रभर बोटाला आणि नाकाला वायरी. तासाला ३१ वेळा श्वास अडकतोय. तिशीच्या वर म्हणजे गंभीर. मास्कची मशीन घेतलीय. पहिले चार दिवस सोंडेला पाइप लावल्यासारखं वाटलं. शुगरच्या गोळ्या चालू. वजन ८७. डॉक्टर म्हणाले, सहा महिने हे करा, मग आकडा पुन्हा बघू, तेव्हाही कमी आणि त्रास असेल तर इंजेक्शनचं नीट ठरवू.

नांदेडकर_जुना | २३ मार्च, रात्री ९:४०
चांगलं झालं. पण सहा महिन्यांनी खरंच लागलं तर माघार घेऊ नका. २९६ आणि ३२२ म्हणजे कुंपणावरच आहात.

स्टेथो_परभणी | २३ मार्च, रात्री १०:०२
यावर आमचं दोघांचं एकमत, नोंद घ्यावी.

तिखट_शेंगदाणा | २३ मार्च, रात्री १०:१०
दुपारच्या तासाचं काय?

खडू_फळा | २३ मार्च, रात्री १०:१८
गेल्या आठवड्यात एकदाच डुलकी लागली. पण तेव्हा नागरिकशास्त्र चालू होतं.

आणखी एक राहिलं. कपाटात पाच कुप्या पडून आहेत. दुकानवाला परत घेत नाही. पुतण्या जिमला जातो, त्याची नजर आहे त्यांच्यावर. फेकायच्या कुठं?

गुरांचा_डॉक्टर | २३ मार्च, रात्री १०:२५
माझ्याकडं नको.

नळी_सुई | २४ मार्च, सकाळी ६:५५
उकिरड्यावर किंवा मोरीत नको, आणि पुतण्याला तर मुळीच नको. अंबाजोगाईला येणं झालं तर लॅबमध्ये आणून द्या. आमच्याकडं जैववैद्यकीय कचऱ्याची गाडी येते, नको असलेली औषधं पिवळ्या पिशवीत जातात. सकाळी आलात तर बरं. चहा पाजीन, साखरेशिवाय.